मेस्सी पाहून झाला असेल, तर मैदानाचं बोलू

राजेहो, मेस्सी आला आणि गेला. 13 डिसेंबरला कोलकात्यात लोकांना तो धड दिसलाच नाही, म्हणून खुर्च्या-बाटल्या उडाल्या. 14 ला वानखेडेवर सगळं नीट पार पडलं. राज्याच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’त निवडलेल्या मुलामुलींचा तिथे सन्मान झाला. चांगलंच झालं. मुख्यमंत्री आपल्या नागपूरचे, म्हणून आनंद थोडा जास्तच.

पण तेव्हापासून फेसबुकवर दोनच वाद चालू आहेत. एक, मेस्सी मोठा की रोनाल्डो. दुसरा, "दीडशे कोटींच्या देशात अकरा पोट्टे सापडत नाहीत काय बे?"

सापडतात ना भाऊ! त्यांना खेळायला जागा सापडत नाही.

हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे सरांना भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना दिसली. त्यातून 2001 मध्ये याच शहरात ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. 2022 मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. आपण शिट्ट्या मारल्या, ‘आपल्या नागपूरचा पिक्चर’ म्हणून स्टेटस ठेवले. पुढं काय केलं?

आमच्या वस्तीतल्या मैदानाचं सांगतो. दिवाळी झाली की लग्नाचे मांडव, मग सेल, मग मेळा, मग सभा. मांडव निघतो, खड्डे अन् खिळे राहतात. माझी मुलगी तेरा वर्षांची, लेफ्ट विंगला खेळते. मागच्या महिन्यात खिळा तिच्या बुटातून पायात घुसला. टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन घरी आलो, तर शेजारचे काका म्हणतात, "पोरीला पाठवता कायले?" मैदानात खिळे कोणी सोडले, हे एकानंही विचारलं नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे तसं वातावरणच नाही. आइसलँड पाहा. चार लाखांहून कमी वस्तीचा देश, अर्धं वर्ष थंडी. त्यांनी छताखाली मैदानं बांधली, शाळांजवळ छोटी मैदानं केली, प्रशिक्षक तयार केले. 2018 च्या वर्ल्ड कपमध्ये मेस्सीच्याच अर्जेंटिनाला 1-1 वर रोखलं. आपलं नागपूर 2011 च्या जनगणनेतच 24 लाखांचं होतं. त्यांना बर्फ आडवा येत होता, आपल्याला मांडव येतो. मांडव तर हलवता येतो!

15 जानेवारी 2026 ला मनपाचं मतदान झालं. 151 नगरसेवक निवडायचे होते. आपल्या नगरसेवकाला, पक्ष कोणताही असो, तीन प्रश्न विचारा. प्रभागातलं मैदान वर्षातले किती दिवस फक्त खेळासाठी राहील? कार्यक्रमानंतर मैदान साफ केलं नाही, तर अनामत जप्त होईल का? मुलींसाठी लाइट आणि स्वच्छतागृह कधी?

मिळालेलं उत्तर नगरसेवकाच्या नावासकट खाली कमेंटमध्ये टाका. मेस्सी-रोनाल्डोचं आपण नंतर पाहून घेऊ.