खोकल्यातून रक्त, दुखणं पिशवीचं

खोकल्यातून रक्त पडलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो टीबी. तो निघायलाच हवा, थुंकीही तपासायला हवी. पण बाई तरुण असेल, थुंकीत जंतू सापडत नसतील आणि छातीच्या फोटोत गोल गोल डाग दिसत असतील, तर टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी तिला विचारलं जावं: मागे कधी दिवस राहिले होते का?

कोरिओकार्सिनोमा नावाचा दुर्मिळ कॅन्सर नेमका असा फसवतो. तो वारेच्या पेशींतून उपजतो. आईच्या रक्तवाहिन्यांत शिरणं हा या पेशींचा मूळ स्वभावच. त्यामुळे पिशवीतली गाठ लहान असतानाच तो फुप्फुसात, कधी मेंदूत पोचतो. कुणाला धाप लागते, कुणाला अचानक फिट येते, आणि अंगावरून मात्र फारसं जातही नाही. सुमारे निम्म्या रुग्णांना आधी द्राक्षगर्भ, म्हणजे वार द्राक्षांच्या घडासारखी फुगलेली बिघडलेली गर्भधारणा, झालेला असतो. उरलेल्यांत कुणाचा गर्भपात झालेला असतो, तर कुणाचं अगदी सुखरूप बाळंतपण. तेही कधी काही वर्षांपूर्वीचं.

तपासणी साधी, रक्ताची: बीटा एचसीजी. गरोदरपणाची पट्टी ज्या हार्मोनवर चालते, तेच हे. नुसत्या पट्टीवर मात्र विसंबू नये. हार्मोन बेसुमार वाढलं, तर ती चक्क निगेटिव्ह येऊ शकते. गाठीत सुई घालण्याची घाईही नको, ती भळभळा वाहते.

अमेरिकेत १९५६ साली डॉ. मिन चिऊ ली यांनी पसरलेला हा कॅन्सर मेथोट्रेक्झेट देऊन बरा केला. हार्मोन पूर्ण उतरेपर्यंत औषध द्यायचंच, या हट्टापायी त्यांची नोकरी गेली. १९७२ मध्ये याच कामासाठी त्यांना वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज बहुतेक जणी बऱ्या होतात, अनेकींची पिशवीही वाचते.

म्हणून द्राक्षगर्भ काढलेल्या प्रत्येकीने हार्मोन उतरेपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासावं आणि डॉक्टर सांगतील तितके महिने दिवस राहू देऊ नयेत. बरं वाटतंय म्हणून फेऱ्या बंद करू नयेत. पिशवी साफ केल्याचे कागद जपावेत, आणि दुखणं छातीचं असलं तरी दाखवावेत.

गर्भपाताची गोष्ट सासूसमोर निघत नाही, हे साऱ्यांना ठाऊक आहे. तेव्हा डॉक्टरांनी, नर्सबाईंनी, आशाताईंनी नातेवाइकांना घटकाभर बाहेर बसवावं आणि हा प्रश्न तिला एकटीला विचारावा.