पिवळा म्हणजे हळद्याच?

खोपटच्या एसटी आगाराजवळ झाडावर बसलेल्या पिवळ्या पक्ष्याचा फोटो मोबाइलवर येतो. खाली लगेच उत्तर, ‘हळद्या!’ असेलही. पण नुसत्या रंगावर गेलात तर नाव चुकेल.

हळद्याच्या डोळ्यावरून काळी पट्टी जाते. सगळे डोकेच काळे असेल, तर तो काळ्या डोक्याचा हळद्या. चिमणीएवढा, काळ्या पंखांवर पांढरे पट्टे असलेला तो सुभग. पावसाळ्यात माथा पिवळा, गाल काळपट आणि चोच जाड दिसली, तर सुगरणीचा नर. शहरात पिंजऱ्यातून सुटलेला पिवळा बजरीगरही असू शकतो. फोटोत आकार नीट कळत नाही, आवाज ऐकू येत नाही. म्हणून जाणकार आधी विचारतात, केवढा होता? कधी दिसला? काय करत होता?

पिवळा पक्षी आणि कावीळ यांची सांगड जुनी आहे. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलेली समजूत अशी, की काविळीच्या रोग्याने असा पक्षी पाहिला की रोगी बरा होतो आणि पक्षी मरतो. आपल्याकडे माळ घालून कावीळ ‘उतरवतात’.

हल्ली पिवळ्या डोळ्यांचेही फोटो येतात. ‘डॉक्टर, कावीळ ना? औषध सांगा.’ पण कावीळ हे लक्षण आहे. त्यामागे दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ए किंवा ई असेल, पित्तनलिकेत अडकलेला खडा असेल, लेप्टोस्पायरोसिस असेल किंवा रक्तातल्या लाल पेशी लवकर फुटत असतील. प्रत्येकाचा उपचार वेगळा. सौम्य कावीळ पिवळ्या दिव्याखाली दिसतही नाही. उलट गाजर-पपई फार खाणाऱ्याचे तळवे पिवळे होतात, पण डोळे पांढरेच राहतात. तो रंग कॅरोटिनॉइडचा, हळद्याच्या पिसांतल्या रंगाच्याच कुळातला!

हिपॅटायटिस ए बहुधा आपोआप बरा होतो आणि श्रेय माळेला मिळते. खडा अडकलेल्या रुग्णाचे, हिपॅटायटिस ई झालेल्या गरोदर बाईचे मात्र मोलाचे दिवस वाया जातात.

पक्ष्याचे नाव चुकले तर त्याचे काही बिघडत नाही. माणसाचे बिघडते. डोळे पिवळे दिसले तर फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. सोबत ताप, पोटदुखी किंवा गुंगी असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.