नवं पिस्तूल, छर्रे आणि वजनकाटा

न्हावा शेव्याचा भरलेला कंटेनर जहाजावर चढण्याआधी त्याचं खरं वजन मोजून कळवावं लागतं. १ जुलै २०१६ पासून हा जगभरचा नियम आहे. त्याआधी कागदावरच्या आकड्यावरच बराचसा भरवसा होता. आमचं हापीस कंटेनरच्या हालचालींच्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे "कागदावर लिहिलंय ना, मग झालं!" ह्या वाक्याची मला ॲलर्जी आहे.

विकांताला मी पनवेलला एअर पिस्तुलाच्या सरावाला जातो. सुमा शिरूर यांच्यामुळे पनवेलचं नाव नेमबाजीत झालं आणि इथे दर वर्षी नवी पोरं येतात. लाखाच्या पुढे किंमत असलेलं परदेशी पिस्तूल आईबाप हप्त्यावर घेऊन देतात आणि पुढच्या विकांतापासून "ट्यूनिंग" सुरू! सगळ्यात आधी काय? तर छर्रे. ४.४९ चे की ४.५० चे? ह्या कंपनीचे की त्या? डब्यांवर डबे येतात. माझं स्पष्ट मत आहे की पिस्तूलवाल्यांचा हा बहुतांश खर्च वाया जातो.

आता तुम्ही म्हणाल, पुरावा काय? साधं गणित आहे. १० मीटर पिस्तुलाच्या टारगेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. छर्रा ४.५ चा, आणि त्याची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्‍याचा मध्य १६ मिलिमीटर रुंदीच्या जागेत कुठेही पडला तरी चालतो. चांगलं पिस्तूल शिकंज्यात पकडून कुठल्याही बर्‍या मॅच छर्‍याचे पाच शॉट मारा, सगळे मिळून भोक जेमतेम ७-८ मिलिमीटरचं होतं. उरलेली जागा तुमच्या हाताची!

रायफलवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, हेच गणित तिथे ५ मिलिमीटरवर येतं. तिथे छर्रे तपासून घ्यायलाच हवेत. .२२ रायफलवाले तर एकाच कंपनीच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट स्वतःच्या नळीतून तपासतात. लापुआ कंपनीने त्यासाठी जर्मनीत शोनेबेकला खास केंद्र ठेवलंय. पिस्तूलवाल्या पोरांनी हा सोस रायफलवाल्यांकडून उचललाय, गणित मात्र उचललं नाही.

शिशाची गोळी आणि नळी ह्यांचं माप जुळणं खरं जिवावर येतं ते रिव्हॉल्वरमध्ये. अमेरिकेत हौशी लोक घरी शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततात. नवं रिव्हॉल्वर आलं की ते रिकामं आहे ना हे आधी बघतात, मग मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलून मायक्रोमीटरने मोजतात. चक्रातल्या प्रत्येक घराचं तोंडही मोजतात. ते तोंड नळीपेक्षा अरुंद असेल तर गोळी तिथेच आवळली जाते, पुढे नळीत सैल पडते, बाजूने गरम वायू निसटतो आणि शिसं नळीला चिकटून बसतं. मग कितीही महाग स्प्रिंग घाला, नेम सुधारत नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय गोळ्या बनवणं काय किंवा बंदुकीची दुरुस्ती काय, शस्त्र कायद्याने बंद आहे, आणि ते ठीकच आहे. पण त्या मंडळींची "आधी मोजा, मग कानस उचला" ही शिस्त घ्यायला परवाना लागत नाही :)

मग नव्या एअर पिस्तुलात बघायचं काय? पहिलं म्हणजे ट्रिगर. नियमाने तो किमान ५०० ग्रॅमचा हवा. कंपनीने बसवून दिलाय म्हणून सोडू नका. ५०० ग्रॅमचं वजन लावून स्वतः उचलून बघा, एकदा नाही, दहादा. मी ५१५ च्या आसपास ठेवतो. हलका करायचा मोह सगळ्यांना होतो, आणि स्पर्धेच्या तपासणीत वजन उचललं गेलं नाही की सगळं मुसळ केरात. दुसरं, हवेच्या सिलिंडरवरची तारीख. पिस्तूल नवं असलं तरी सिलिंडर गोदामात तीन वर्षं पडलेला असू शकतो, आणि त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षंच धरतात. हप्ते भरणार्‍या बापाने हे बिल देण्याआधी बघायला हवं.

तिसरं, हलणारे भाग. टोकियो ऑलिम्पिकमध्ये (२०२१) मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर ऐन स्पर्धेत तुटला, दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर तिची फायनल दोन गुणांनी हुकली. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदकं मिळवली ही गोष्ट निराळी. चौथ्या डब्याच्या पैशात एखादा सुटा भाग येतो का, हे दुकानदाराला जरूर विचारा.

ग्रिप तासायची घाई तर अजिबात नको. महिनाभर रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरा, हात कुठे दुखतो ते कळू द्या. त्यातून आपल्याकडचा पावसाळा! जुलैत लाकूड फुगतं. तेव्हा तासलेली ग्रिप डिसेंबरात सैल लागते.

आणि छर्रे? ४.४९ आणि ४.५०, एकेक डबा घ्या, एका दुपारी शिकंज्यात लावून दोन्ही मारा, लहान भोक पाडेल तो ठेवा. झाकण घट्ट लावा, खाडीच्या दमट हवेत शिशावर पांढरी पूड धरते. आणि घरी जाण्याआधी हात साबणाने धुवा, विशेषतः वडापाव खाणार असाल तर.