चारचौघांतला कडू पेला

सकाळी मोठ्या उद्यानांच्या फाटकापाशी हिरव्या रसांची एखादी गाडी हमखास उभी असते. गव्हांकुर, आवळा, कारले, कोरफड आणि अर्थातच दुधी भोपळा. फेऱ्या संपल्या की मंडळी तेथे जमतात आणि एकाने रस मागवला की सगळ्यांचेच पेले भरले जातात. दुधीचा रस एरवी सौम्य, जवळजवळ बेचव. एखाद्या दिवशी मात्र तो जिभेला कडू लागतो. आजूबाजूचे पाचसहा जण तर विनातक्रार पीत असतात. अशा वेळी माणूस कित्येकदा डोळे मिटून पेला रिकामा करतो.

हे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन या गटातील विषारी द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे उलट्या, पोटात तीव्र कळा, जुलाब, कधी रक्ताची उलटी होते आणि रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. त्यांवर नेमका उतारा नाही. लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. आपल्या देशात या रसाने मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा या विषयावरील अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीचा सल्ला अगदी साधा आहे : रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा आणि दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये. म्हणजे सारी भिस्त जिभेवर. पण जिभेची साक्ष चारचौघांत टिकते का?

या प्रश्नाचा विचार सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकात अमेरिकेत केला होता. जिभेऐवजी त्याने डोळ्यांची परीक्षा घेतली, एवढेच. एका कागदावर एक रेषा, दुसऱ्यावर तीन. त्या तिघींपैकी पहिलीइतकी लांब कोणती, ते मोठ्याने सांगायचे. एकट्याने उत्तर देताना चूक शंभरात एखादीसुद्धा होत नसे, इतके ते सोपे होते. पण खोलीतील इतर सगळे अॅशचे सांगून ठेवलेले साथीदार होते आणि ठरावीक फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. त्या फेऱ्यांतील सुमारे ३७ टक्के उत्तरे चुकीच्या बहुमताच्या मागे गेली. चारांपैकी तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली. एक जण मात्र अखेरपर्यंत आपल्या डोळ्यांशी प्रामाणिक राहिला.

नंतर विचारपूस केली तेव्हा काहींनी सांगितले की इतके जण म्हणतात तर तेच खरे असणार, असे वाटले. काहींना चूक स्पष्ट दिसत होती. फक्त वेगळे पडायचे नव्हते. आपल्या भाषेत ही दोन वाक्ये केव्हाची आहेत : ‘एवढे लोक चुकतील का?’ आणि ‘लोक काय म्हणतील?’ बाहेरून दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, परंतु उपाय वेगळे आहेत.

उतारवयात पहिले वाक्य अधिक बळावते, असा माझा अनुभव आहे. मोतीबिंदू झालेला असतो, ऐकू कमी येते, नावे आठवत नाहीत. आपल्या इंद्रियांवर अविश्वास दाखवण्याची सवयच जडते. वयानुसार चव मंदावते हे खरे आहे आणि काही औषधांनी तोंडाची चव बिघडते हेही खरे आहे. मग रस कडू लागला की मनात पहिला विचार येतो, ‘गोळ्यांमुळे माझेच तोंड कडू झाले असेल.’ इतके समंजस, इतके पटण्याजोगे स्पष्टीकरण हाताशी असताना पेला खाली ठेवणार कोण?

दुसऱ्या वाक्यालाही हसू नये. जोडीदार गेल्यावर कित्येकांसाठी तो उद्यानातला कट्टा हीच दिवसातली एकमेव हक्काची सोबत असते. तेथे तुसडा ठरणे ही क्षुल्लक किंमत नव्हे. शिवाय ऐन थंडीत दुखऱ्या गुडघ्यांना पहाटे घराबाहेर काढण्याचे जे काम डॉक्टरांच्या चिठ्ठीला जमत नाही, ते हाच गट करतो. म्हणूनच ‘त्या लोकांत जाऊच नका’ असा हुकूम सोडणाऱ्या मुलांशी माझे पटत नाही.

अॅशने प्रयोगात थोडे बदल करून पाहिले, ते घरच्यांच्या उपयोगाचे आहेत. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी लिहून द्यायला सांगितले तेव्हा चुका पुष्कळ घटल्या. दवाखान्यात मला याचा प्रत्यय येतो. मुलगा, सून आणि मुलगी भोवती बसलेली असताना ‘गोळ्या नियमित घेता ना, काका?’ असे विचारले की उत्तर ठरलेले : ‘हो, हो.’ तपासणीच्या पडद्याआड तेच काका हळूच सांगतात, कट्ट्यावर सर्वांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या, म्हणून महिन्यापूर्वी त्यांनीही सोडल्या. तेव्हा आपल्या माणसाला डॉक्टरांशी पाच मिनिटे एकट्याने बोलू द्यावे. यात घरच्यांचा अवमान नाही.

दुसरा बदल मला अधिक मोलाचा वाटतो. खोलीत खरे उत्तर देणारा अवघा एक जण बसवला, तर बहुमतामागे जाण्याचे प्रमाण जवळजवळ चौथाईवर येत असे. सगळ्या गटाचे मन वळवण्याची गरजच पडली नाही. घरातील काळजीवाहू व्यक्ती असा एक जण होऊ शकते. मात्र ‘त्यांचे ऐकता, माझे ऐकत नाही’ असा सूर लावला की आपणही दुसरे बहुमत होऊन बसतो. त्यापेक्षा एखाद्या सकाळी सोबत जावे, स्वतः घोट घ्यावा आणि कडू लागल्यास सर्वांदेखत म्हणावे, ‘मला हा कडू लागतोय, मी नाही पीत.’ पुढचा पेला कोणीतरी आपणहून खाली ठेवील.

आणि कोणी प्यालेच, व त्यानंतर मळमळ, पोटदुखी वा घेरी आली, तर घरी जाऊन पडून राहू नये. थेट रुग्णालय गाठावे आणि तेथे पोचताच ‘दुधीचा रस घेतला, कडू होता’ हे सांगावे. रस कडू होता हे कळले नाही तर निदानात वेळ जातो.