‘फ्रेखा’ हे आधी एका मुलीचं नाव होतं

इस्राएलमध्ये आपल्या घरांतून मराठी कमी आणि हिब्रू जास्त ऐकू येते, त्याचं फारसं वाईट वाटून घेऊ नये. पण हिब्रूबरोबर आपण एक शिवीही घरात आणली आहे. मुलीने केस रंगवले, नखं वाढवली, बसमध्ये मोठ्याने हसली, की आत्या-मावश्या लगेच म्हणतात, “फ्रेखासारखी वागू नकोस.”

हा शब्द कुठून आला? मोरोक्कोच्या यहुदी बायकांत फ्रेहा हे चांगलं घरंदाज नाव होतं. अरबीत त्याचा अर्थ आनंद. आपल्याकडे आनंदीबाई, तशी त्यांची फ्रेहा. 18व्या शतकात, मोरोक्कोहून ट्युनिसला गेलेल्या घराण्यात याच नावाची कवयित्री होऊन गेली. बायकांना हिब्रू क्वचितच शिकवत त्या काळात तिने हिब्रूत काव्य रचलं.

1948 नंतर मोरोक्कोचे यहुदी मोठ्या संख्येने इस्राएलला आले. माबारोतच्या तंबूंत आणि दूरच्या नव्या गावांत त्यांना ठेवलं. तिथल्या आजीचं नाव शहरातल्या लोकांनी गावंढळ, उथळ पोरीचं नाव करून टाकलं. 1979 साली ‘श्लागर’ सिनेमातल्या गाण्याने ते घरोघर पोचलं. गाणं लिहिलं मोशे दायानच्या मुलाने, अस्सी दायानने. गायलं हातिक्वा वस्तीतल्या येमेनी घरच्या ओफ्रा हाझाने. लिहिणारा कोण आणि गाणारी कोण, हे नीट पाहा.

कोणी म्हणेल, “गमतीचा शब्द आहे, हल्ली मुली स्वतःच स्वतःला म्हणवून घेतात.” मुलीने आपणहून म्हणणं वेगळं, लग्नाच्या मांडवात चारचौघांत तिला ऐकवणं वेगळं. आणि तेच कपडे, तेवढाच मेकअप उत्तर तेल अवीवच्या गोऱ्या मुलीने केला तर तिला आपण ‘मॉडर्न’ म्हणतो. म्हणजे राग कपड्यांचा नाही. सावळ्या रंगाचा आणि गरीब वस्तीचा आहे. लोद, दिमोना, अश्दोद इथल्या आपल्या मुलींचा रंग कोणता, वस्ती कोणती?

आपण खरे यहुदी की नाही, असं रब्बींनी विचारलं तेव्हा आपली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली. 1964 साली क्नेसेटला आपल्या बाजूने ठराव करावा लागला. दुसऱ्याने मारलेला शिक्का पुसायला काय पडतं, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने तसाच शिक्का आपल्या पोरींच्या कपाळी मारावा?

मुलीचं वागणं खटकलं तर काय खटकलं ते तिला सरळ सांगा. त्यासाठी मोरोक्कोच्या आजीचं नाव बाटवायची गरज नाही.