पैसे जमा, खटला बंद

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला एक अट घातली. नुकसानभरपाई जमा झाल्याशिवाय 'एन्रिका लेक्सी' जहाजावरच्या दोन इटालियन नौसैनिकांविरुद्धचा, दोन भारतीय मच्छीमारांच्या हत्येचा खटला बंद होणार नाही. १० कोटी रुपये जमा झाले. १५ जूनला खटला बंद झाला. मृत मच्छीमारांच्या कुटुंबांना प्रत्येकी ४ कोटी, नौकेच्या मालकाला २ कोटी.

अट पैशांची होती. इटलीत खटला उभा राहिला पाहिजे, अशी नव्हती. इटलीने कारवाई पुढे न्यावी असे न्यायालयाने बजावले खरे. पण आपला खटला बंद केल्यावर त्या बजावण्यामागे जोर कशाचा?

पोलीस ठाण्यात 'ही आमची हद्द नाही' हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्यावर उपाय म्हणून शून्य क्रमांकाचा गुन्हा आला: आधी नोंद करा, हद्दीचे नंतर पाहा. समुद्रावर बरोबर उलटे घडले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी 'सेंट अँटनी' या मासेमारी नौकेवर 'एन्रिका लेक्सी'वरून गोळ्या झाडल्या गेल्या, त्या केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर. प्रादेशिक समुद्र बाराव्या मैलाला संपतो. मग हद्दीचाच खटला चालला. केरळला अधिकार नाही, केंद्राने विशेष न्यायालय नेमावे, हे ठरायला जानेवारी २०१३ उजाडले. पुढे दोन देशांतला हा वाद आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला आणि जुलै २०२० मध्ये त्या लवादाचा निवाडा जाहीर झाला. भारत आणि इटली दोघांनाही अधिकार आहे; पण नौसैनिक सरकारी कामावर होते, त्यामुळे भारतीय न्यायालयांपासून त्यांना संरक्षण आहे. हा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांचा. त्याच निवाड्यात इटलीला दोष दिला गेला तो भारतीय नौकेच्या संचारस्वातंत्र्यात अडथळा आणल्याबद्दल. म्हणजे नौकेची वाट अडली, एवढ्याचा निकाल लागला. त्या नौकेवर दोन माणसे मेली, त्याचा निकाल इटलीतल्या न्यायालयावर सोडला.

निवाडा मानणे भारताला भाग होते, हे मान्य. पण खटला बंद करण्याची वेळ आपल्या हातात होती. रोममध्ये आरोपपत्र दाखल होईपर्यंत तो इथे नुसता प्रलंबित ठेवता आला असता. इटलीला तो बंद हवा होता. आपल्याकडे आग्रह धरायला तेवढीच एक गोष्ट होती. ती आपण भरपाईच्या मोबदल्यात सोडली. कुटुंबांना पैसे मिळाले, ते मिळायलाच हवे होते. त्यांच्या संमतीवर बोट ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु फौजदारी खटला कुटुंबाचा नसतो, सरकारचा असतो, आणि सरकारने तो पावती घेऊन मिटवला.

जानेवारी २०२२ मध्ये रोमच्या न्यायाधीशांनी प्रकरण दप्तरी दाखल केले. खटला चालवण्याइतका पुरावा नाही, असे तिथल्या सरकारी वकिलांचे म्हणणे होते. गोळीबाराच्या दिवशी नौकेवर अकरा जण होते. नऊ जण जिवंत परतले. गोळी कोणी आणि का झाडली, हे खटल्याच्या साक्षीत सांगायला त्यांना ना कोल्लममध्ये उभे केले गेले, ना दिल्लीत, ना रोममध्ये.