उरुसात हाताच्या वस्तूंना एक रांग हवी

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा म्हणजे परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाचे दिवस. बहुतेक उरूस हिजरी तारखेने भरतात आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. परभणीचा उरूस मात्र फेब्रुवारी सोडत नाही. कारागिराला याचा मोठा आधार असतो. कधी माल तयार ठेवायचा, उधारी कधी फेडायची, याचा हिशेब त्याला वर्षभर आधी मांडता येतो.

दर्ग्यावर हजेरी लावल्यावर बाजारात फिरल्याशिवाय परभणीत कोणी घरी जात नाही, मग ते मुसलमान घर असो की हिंदू. मुले पाळण्याकडे ओढतात, मोठी माणसे हलवा-पराठ्याकडे. घरच्या बायकांची पावले बांगड्यांच्या दुकानांकडे वळतात. आपण घरी येतो तेव्हा पिशवीत काय असते, एवढ्याच गोष्टीविषयी आज आम्हाला बोलायचे आहे. आमचे निरीक्षण असे, की त्या पिशवीत हाताने घडवलेली वस्तू वर्षागणिक कमी होत चालली आहे. प्लास्टिकच्या बाहुल्या, कारखान्यातल्या चादरी, साच्यातल्या धातूच्या बांगड्या यांचा ढीग मोठा आणि भाव कमी. त्यांच्या शेजारी बसलेला कारागीर जागेचे भाडे तेवढेच देतो, पण दिवसभरात त्यांच्याइतकी विक्री करूच शकत नाही, कारण त्याचा माल रात्रीतून तयार होत नाही.

लाखेच्या बांगडीचे घ्या. लाख निखाऱ्यावर मऊ करायची, तिची वळी लाटायची, गोल करून माप द्यायचे, वर रंगीत लाखेचा थर चढवायचा आणि लाख गरम आहे तोवर एकेक खडा चिमट्याने बसवायचा. हे काम हैदराबादच्या लाड बाजाराच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. २०२४ साली हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सिकंदराबाद-मनमाड रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली आणि निजामाच्या राजधानीतला माल परभणी, नांदेड, जालन्याला पोहोचणे सोपे झाले. आपल्या लग्नघरात लाखेचे जोड लागतात ते या जुन्या नात्यामुळे.

काचेच्या बांगडीला मात्र आम्ही सरसकट यंत्राची म्हणणार नाही. फिरोजाबादच्या भट्टीतून काचेची कडी बाहेर येते तेव्हा तिची दोन टोके सुटी असतात. ती ज्योतीवर धरून जोडण्याचे काम घराघरांत बसून बायका-मुले करत आली आहेत. म्हणजे डझनाच्या भावात आपण घासाघीस करतो त्या बांगडीवरूनही बरेच हात फिरलेले असतात. आणि इथे आपले मन्यार बांगड्या भरून देतात तेव्हा मनगट दाबून, बोटे जुळवून, एकही न फोडता अडीच मापाची बांगडी चढवतात, तेही हातचेच काम आहे. त्याची मजुरी आपण कधी वेगळी मोजलेली नाही.

दुसरे उदाहरण पिंजाऱ्यांचे. धनुकलीची तात कापसावर थरथरू लागली की ऐकू येणारा तो टणत्कार चाळिशी ओलांडलेल्या वाचकांच्या कानात अजून असेल. आता पिंजण्याचे यंत्र आले आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या छातीचे काय होते हे ज्यांनी घरात पाहिले, ते यंत्राला नावे ठेवणार नाहीत. खरी अडचण कापसाचीच आहे. गादीला आणि रजईला देशी कापूस चांगला. त्याचा धागा आखूड आणि जाडाभरडा असतो, त्यामुळे तो लवकर दबून बसत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या महबूब बाग संशोधन केंद्रात अशा देशी वाणांवर काम झाले आहे, आणि तिथल्या पीए २५५ या वाणाचे नाव आहे ‘परभणी तुराब’. ज्यांच्या उरुसाला आपण जातो त्यांचे नाव शेतातही आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत देशी कापूस शेतातून जवळजवळ गेला. पिंजाऱ्याने तो आणायचा कुठून? शिवाय पॉलिस्टर भरलेली रजई हलकी, धुवायला सोपी आणि स्वस्त. पण ती जुनी झाली की फेकावी लागते. कापसाची रजई उसवून, पिंजून पुन्हा भरता येते. आजीच्या गादीचा कापूस नातीच्या रुखवतात गेल्याची घरे आपल्याकडे आहेत.

तिसरी वस्तू टोपी. ही आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिची कारागीर बाजारात दिसतच नाही. ती घरात असते. सुईने विणलेली क्रोशाची टोपी ओळखण्याची एक सोपी खूण आहे: खरी क्रोशाची वीण अजून यंत्राला पूर्ण जमलेली नाही. यंत्रावरची टोपी क्रोशासारखी दिसते, पण ती वेगळ्या विणीची असते. सगळे टाके एकसारखे आणि कडेला यंत्राची शिलाई. म्हणजे टोपी खरोखर क्रोशाची असेल, तर ती कोणाच्या तरी बोटांवरून आली आहे, आणि बहुतेक वेळा ती बोटे बाईची असतात.

आता हिशेब करू. समजा एका टोपीला रोज दोन तास धरून चार दिवस लागले. म्हणजे आठ तास, पूर्ण एक दिवसाची मजुरी. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २९७ रुपये मिळत. माती उचलण्याचा हा सरकारी दर आहे. त्यात दोऱ्याचे पैसे मिळवा, मग मधल्या व्यापाऱ्याचा वाटा. आणि दुकानासमोर उभे राहून आपण म्हणतो, “अस्सी में देते क्या?” व्यापारी हो म्हणतो तेव्हा तो आपल्या नफ्यातून फारसे सोडत नाही. ते पैसे मोहल्ल्यातल्या त्या बाईच्या हिश्शातून जातात. हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हे आपण मुलांना सांगतो. तेच मूल शेजारी उभे राहून आपली घासाघीस ऐकत असते.

उपाय काय? याच फेब्रुवारीच्या पंधरवड्यात तिकडे हरियाणात सूरजकुंडचा मेळा भरतो. १९८७ पासून तो सुरू आहे आणि तिथे बोलावणे असते ते कारागिरांना. दिल्ली हाट १९९४ साली सुरू झाला, तिथेही कारागिरांना पाळीपाळीने थोड्या दिवसांसाठी गाळे देण्याची पद्धत ठेवली गेली. परभणीच्या उरुसाला येणारी गर्दी आधीच आहे, ती जमवायला जाहिरात लागत नाही. मग मैदानात एक रांग, वीस-पंचवीस जागांची, फक्त हाताने वस्तू बनवणाऱ्यांसाठी आणि कमी भाड्याने का असू नये? त्यातल्या निम्म्या जागा बचतगटांतल्या बायकांना द्याव्यात. टोपी विणणारी स्वतः टोपी विकायला बसली, तर वरचा हिशेब आपोआप बदलेल. पाळण्याच्या ठेक्याला यामुळे धक्का लागणार नाही. उरुसाचे नियोजन करणाऱ्यांनी आणि महापालिकेने हे आधीच्या ऑक्टोबरात ठरवावे, जानेवारीच्या शेवटी नव्हे.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. शिंपीकाम त्यात आहे, पण बांगड्या बनवणे आणि कापूस पिंजणे नाही. हे खटकणारे आहे आणि लोकप्रतिनिधींना लिहून कळवण्यासारखे आहे. शिंपीकाम करणाऱ्या भगिनींनी मात्र संधी सोडू नये. कर्ज पाच टक्के व्याजाचे आहे म्हणून बऱ्याच घरांत पूर्ण योजनेकडेच पाठ फिरवली जाते. कर्ज घेणे सक्तीचे नाही. प्रशिक्षणाचे रोजचे ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत कर्जाशिवायही मिळू शकते. हस्तकला करणाऱ्यांसाठी केंद्राचे ‘पहचान’ ओळखपत्र आहे. सरकारी हस्तकला बाजारांत जागा मागताना ते लागते.

एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्यावी. २०२७ साली रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, चंद्रदर्शनाने एखादा दिवस इकडेतिकडे. म्हणजे उरूस आणि रोजे एकत्र येतील. दिवसा बाजार थंड राहील, खरी गर्दी इफ्तारनंतर होईल आणि टोप्यांना मागणी वाढेल. विणणाऱ्यांनी पावसाळ्यापासूनच हात चालू ठेवलेला बरा.

आणि लाखेच्या बांगड्या घेतल्या असतील तर त्या चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. लाख मऊ पडते आणि खडे हलतात. खडा निघालाच तर डिंकाने चिकटवण्याच्या भानगडीत न पडता कागदात बांधून ठेवावा. पुढच्या उरुसात बांगडीवाल्याकडे नेला की तो कड ऊबदार करून दोन मिनिटांत परत बसवून देतो.